डावा खांदा, आवक क्रमांक ४१७

सव्वीस वर्षांत माझ्या हातून एक कागद हरवलेला नाही! उगाच फुशारकी मारत नाही, कोणालाही विचारा. आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावकची खिडकी माझी. आलेल्या प्रत्येक कागदाला क्रमांक, तारीख, विषय, कोणाकडे पाठवला आणि निकाल काय लागला, असे निळ्या पुठ्ठ्याच्या रजिस्टरात पाच रकाने, आणि पाचही माझ्या अक्षरात. वाऱ्यानं उडालेलं झाडाचं पान जरी खिडकीतून आत पडलं, तरी मी त्याला आधी नंबर देते आणि मगच सफाईवाल्या बाईंकडे वर्ग करते.

तेव्हा डॉक्टरीणबाईंनी जेव्हा विचारलं, "रोज दुखण्याची नोंद ठेवायची, जमेल?" तेव्हा मला हसूच फुटलं. माशाला विचारतात का, पोहायला जमेल म्हणून?

पण थांबा, आधी दुखणं सांगते. दोन वर्षं माझं अंग दुखत होतं. अंग म्हणजे अख्खं अंग! आज खांदा, उद्या मान, परवा गुडघा, आणि रविवारी सगळे मिळून. सकाळी उठायचं ते रात्रभर कोणीतरी धोपटून काढल्यासारखं. तपासण्या किती केल्या त्याला गणती नाही. रक्त नॉर्मल, एक्स-रे नॉर्मल, सगळं नॉर्मल! रिपोर्ट पाहून सगळे माझं अभिनंदन करायचे आणि मी घरी येऊन रडायचे. शेवटी या डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी तासभर ऐकून घेतलं, इथं दाबलं, तिथं दाबलं, आणि म्हणाल्या, "फायब्रोमायल्जिया."

आमच्या ह्यांना ते नाव तीन हप्त्यांत म्हणावं लागलं. हे चष्म्याच्या दुकानात काचा बसवतात, त्यामुळे कोणतीही गोष्ट नीट दिसल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नाही. "पण डॉक्टर, दिसत तर काहीच नाही!"

"दिसणार नाही," बाई म्हणाल्या. "बारीकशी कळ असते, पण मज्जातंतू मेंदूपर्यंत बोंब मारत जातात. रक्तात सापडत नाही, एक्स-रेत सापडत नाही. पण दुखणं खरं आहे हं!"

खरं आहे! दोन वर्षांत हे दोन शब्द कोणी म्हणालं नव्हतं. मला इतकं भरून आलं की टेबलावरचा टिशूचा डबा मी एकटीनं संपवला.

मग उपाय सांगितले. झोपायची-उठायची वेळ ठरलेली. दुपारनंतर कॉफी बंद. रोज दहा मिनिटं चालायचं, आणि ते हळूहळू वाढवायचं. रात्री एक छोटी गोळी. आणि तासन्‌तास एका जागी उभं राहायचं नाही.

इथंच घोडं अडलं! आमच्याकडे नुकतेच नवे साहेब आले होते, आणि नव्याचे नऊ दिवस म्हणून त्यांनी एक योजना काढली होती. 'नागरिक उभे, तर सेवक उभे!' पुढच्या एक तारखेपासून सगळ्या खिडक्यांवरच्या खुर्च्या काढायच्या. तशी पाटीसुद्धा रंगवून आली होती. ज्यांना उभं राहणं झेपणार नाही त्यांची बदली तळघरात, जुन्या दप्तरात. तळघर म्हणजे गार फरशी, ओल धरलेल्या भिंती, आणि दार असं जड की उघडताना माझे दोन्ही खांदे जागेवर राहिले असते की नाही शंकाच! आणि माझी खिडकी सुटणार, ते वेगळंच. सव्वीस वर्षांची खिडकी हो!

डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घेऊन मी साहेबांकडे गेले. पाठीची एक खुर्ची आणि सकाळी अर्धा तास उशिरा यायची सवलत, एवढंच मागणं. साहेबांनी रिपोर्ट उलटसुलट पाहिले.

"बाई, सगळीकडे नॉर्मल लिहिलंय."

"हो साहेब, पण—"

"मग नॉर्मल माणसाला खुर्ची कशाला? आणि दिसता तर कशा ठणठणीत! आमच्या घरी विचारा, कंबर कोणाची दुखत नाही?"

तोंडी नकार! चिठ्ठीवर एक अक्षर लिहिलं नाही. नंबर नाही, तारीख नाही, म्हणजे मी काही मागितलंच नव्हतं.

तर मी घरी आले ती तणतणतच. एक कोरं निळं रजिस्टर माझ्याकडे पडलेलं होतं, ते काढलं आणि दुखण्याची नोंद सुरू केली. आता इथं एक चूक झाली, ती आधीच कबूल करते. पहिल्या ओळीत 'एक' लिहायला गेले, तर हात पुढं सरकेचना! सव्वीस वर्षं एका आकड्यापुढं दुसरा आकडा लिहिण्याची सवय. त्या दिवशी ऑफिसात शेवटचा कागद चारशे सोळा होता. हातानं आपसूक लिहिलं, 'आवक क्र. ४१७. विषय: डावा खांदा.'

कोणाकडे पाठवला? समोर हे बसले होते. रजिस्टर त्यांच्यापुढं सरकवलं. "इथं पोच म्हणून सही करा."

"अगं, दुखणं मला मिळालं असं कसं लिहून देऊ?"

"मग बाम कोण लावणार?"

त्यांनी सही केली. मी निकालाच्या रकान्यात लिहिलं, 'बाम लावला. प्रकरण प्रलंबित.'

आठवडाभर घरात नुसती धांदल! डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की एका वेळी एकच बदल करा. पण ह्यांनी कुठलंसं मासिक वाचलं आणि सोमवारी टोमॅटो बंद केले. मंगळवारी दूध. बुधवारी पाव. गुरुवारी अंडी, कारण अंड्यांचा त्यांना आधीपासूनच राग होता. शुक्रवारी आमच्या टेबलावर दोन उकडलेली गाजरं आणि एक तांब्या पाणी होतं, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे असे पाहत होतो जणू वाडग्यात काय पडतंय यावर संसार टिकणार आहे. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"अहो, या आजाराला जादूचं जेवण नसतं!" त्या ओरडल्याच. "साधं, वेळेवर, सगळं थोडं थोडं खा! उपाशी राहिलात तर दुखणं दुप्पट होईल!"

मी फोन ठेवायच्या आत ह्यांनी सहा अंडी फोडली.

बरं, दुखणं काही घर पाहून येत नाही. ऑफिसातही येतं. म्हणून मी ते रजिस्टर बरोबर न्यायला लागले. हेही निळं, तेही निळं, दोन्ही शेजारी शेजारी. आणि आता गंमत ऐका. चारशे सतरा मी घरी देऊन बसले होते, त्यामुळे ऑफिसातल्या रजिस्टरात हात थेट चारशे अठरावर गेला. पुढं चारशे एकोणीस मान झाली, चारशे वीस कोणाचा तरी फुटलेला नळ, एकवीस उजवा गुडघा, बावीस नवीन जोडणीचा अर्ज. दोन रजिस्टरं, पण नंबरांची माळ एकच! मला पत्ताही नाही.

पत्ता लागला तो गोंदकाकांना. गोंदकाका म्हणजे आमच्या टपालाचे शिपाई. चाळीस वर्षं पाकिटं चिकटवून बोटांचे ठसे पुसले गेलेत, निवृत्तीला चार महिने राहिलेत. दर पंधरा दिवसांनी प्रलंबित कागदांची यादी करून मुख्य कार्यालयाला पाठवायची, हे त्यांचं काम. मी त्या दिवशी दहा मिनिटं चालायला गेले होते. गोंदकाकांनी रजिस्टर उघडलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. चारशे सतरा गायब! एकोणीस गायब! चाळीस वर्षांत नंबर तुटलेला त्यांनी पाहिला नव्हता. बिचाऱ्यांनी टेबल उपसलं, शेजारचं निळं रजिस्टर सापडलं, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. सगळे नंबर होते! पाचही रकाने त्यांनी जसेच्या तसे यादीत उतरवले, पण वाचले नाहीत. काकांचं म्हणणं असं की नंबर आहे म्हणजे कागद आहे, आणि कागद आहे म्हणजे वाचणारा वेगळा असतो.

यादी तयार झाली. साहेबांनी फोनवर बोलता बोलता सही ठोकली. यादी गेली.

मुख्य कार्यालयाचं उत्तर यायला एरवी सहा महिने लागतात. हे तीन दिवसांत आलं! साहेबांनी मला आत बोलावलं. चेहरा कागदासारखा पांढरा पडलेला.

"बाई, हे काय आहे?"

मी वाचलं. 'संदर्भ: आपले आवक क्र. ४१७, डावा खांदा. सदर प्रकरण पंधरा दिवस प्रलंबित का ठेवण्यात आले, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. तसेच क्र. ४१९ (मान) व दुपारची कॉफी यांचा परस्परसंबंध स्पष्ट करावा. क्र. ४२६ (झोप) मध्यरात्री दोनदा परत गेल्याचे दिसते. ती कोणाच्या आदेशाने परत गेली, त्याचे नाव कळवावे.'

मला वाटलं, आता खिडकी गेली, तळघरही गेलं, बहुतेक नोकरीच गेली. मी सगळं सांगून टाकायला तोंड उघडलं. "साहेब, तो खांदा माझा—"

"कोणाचा का असेना!" साहेब किंचाळले. "मुख्य कार्यालयानं विचारलंय! पंधरा दिवस खांदा पडून आहे आणि मला कोणी सांगत नाही? आजच्या आज कार्यवाही पाहिजे! काय करायचं असतं त्याला?"

"अं... चालायचं असतं. दहा मिनिटं."

"कोणी?"

आता बघा, खरं उत्तर 'मी' असं होतं. पण साहेबांनी थांबून ऐकलं असतं तर ते साहेब कसले! दुपारी परिपत्रक निघालं. रोज अकरा वाजता सर्व कर्मचाऱ्यांनी दहा मिनिटं चालावं. दुपारनंतर कॉफी बंद.

दुसऱ्या दिवशी अकराला आम्ही चौदाजण व्हरांड्यातून चालायला लागलो. पुढं साहेब, मागं गोंदकाका. माझ्या खिडकीसमोर तक्रारवाल्यांची रांग होती. त्यांना वाटलं खिडकी हलली! ती सगळी रांग आमच्या मागोमाग निघाली. "नंबर सोडू नका हो!" म्हणून एक आजोबा ओरडत होते. व्हरांड्याला तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला रांगेचं डोकं गोंदकाकांच्या मागं आणि शेपूट साहेबांच्या पुढं, असा गोल झाला, आणि नक्की कोण कोणाच्या मागं आहे ते कळेना! एक बाई म्हणाल्या, "इतक्या वर्षांत या ऑफिसात रांग पहिल्यांदाच पुढं सरकली."

आणि लोकांचं काय सांगावं! खांद्याची दखल घेतली जाते असं कळल्यावर माझ्या टेबलाशी गर्दी उसळली. दोन वर्षं मी "दुखतंय" म्हटलं की तोंड फिरवणारी हीच मंडळी! हिशेबनीस आपली कंबर घेऊन आले. गोंदकाकांनी दोन्ही गुडघे एकाच नंबरात बसतील का म्हणून विचारलं. मी म्हटलं, "नाही काका, प्रत्येकी वेगळा." संध्याकाळी साहेबांनी मला आत बोलावलं, दार लावलं, आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, माझी एक टाच आहे. नोंदवता येईल? मागच्या तारखेनं?"

"मागच्या तारखेनं जमणार नाही साहेब."

"बरं, आजच्या टाका," म्हणाले, आणि लंगडत खुर्चीत बसले. हो, त्यांची स्वतःची खुर्ची योजनेत नव्हती!

मला राग आला की हसू, सांगता येत नाही. रिपोर्ट नॉर्मल म्हणून माझं दुखणं खोटं. आणि तेच दुखणं रजिस्टरात उतरलं, तर सगळं ऑफिस त्याच्या मागं चालतंय! पण खुर्ची? खुर्चीचं कोणी नावच काढेना. महिनाअखेर आली. सुतार येऊन खिडक्यांवरच्या खुर्च्या मोजून गेला. माझ्या खुर्चीच्या पाठीवर त्यानं खडूनं फुली मारली.

आणि एकोणतीस तारखेला मुख्य कार्यालयातून तपासनीस आले! 'क्र. ४१७ ची प्रत्यक्ष स्थळपाहणी.' उंच, वाळकुडे गृहस्थ. हातात टेप, बगलेत फाइल, आणि दुसऱ्या हातात गळती ऐकायची लोखंडी कांडी. आमच्या खात्यात ती एक कांडी असते, एक टोक रस्त्यावर टेकवायचं आणि दुसरं कानाला, म्हणजे जमिनीखाली पाइप गळतोय का ते ऐकू येतं.

"डावा खांदा कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

सगळं ऑफिस माझ्याकडे बघायला लागलं. मी हात वर केला. अर्थात उजवा.

"माझ्याजवळच असतो," मी म्हटलं.

तपासनिसांनी फाइल पाहिली, मला पाहिलं, परत फाइल पाहिली. मला वाटलं आता हे ओरडणार. पण नाही! वीस वर्षं स्थळपाहणी केलेला माणूस. स्थळ आहे ना, मग पाहणी करायची! त्यांनी टेप लावून खांद्याची जमिनीपासूनची उंची घेतली. मग कांडीचं एक टोक अलगद माझ्या खांद्याला टेकवलं, दुसरं कानाला लावलं, आणि म्हणाले, "शांतता!"

चौदा माणसं श्वास रोखून उभी. रांगेतल्या आजोबांनी खोकला गिळला.

"काही ऐकू येत नाही," तपासनीस म्हणाले. "वरूनही काही दिसत नाही. नॉर्मल लिहितो."

नॉर्मल! तो शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यात जाळच झाला. परवा खुर्ची जाणार, आणि हा माणूस परत तेच लिहिणार!

"थांबा हो!" मी अशी ओरडले की कांडी त्यांच्या हातातून सुटली. "मला एक सांगा. घरातले सगळे नळ बंद आहेत. रस्ता कोरडा आहे. कांडीला आवाज नाही. पण मीटर फिरतंय! तर तुम्ही काय लिहिता?"

"गळती आहे, असं लिहितो."

"कुठं आहे ते दिसत नसताना?"

"मीटर फिरतंय म्हणजे पाणी जातंय बाई. दिसायचं काय त्यात?"

"मग माझंही मीटर फिरतंय!" मी म्हटलं, आणि आता मला थांबताच येईना. "आठ तास अंथरुणात पडते आणि सकाळी रिकामी होऊन उठते! केस विंचरायला हात वर केला की डोळ्यांत पाणी येतं! दोन वर्षं सगळे म्हणतात रस्ता कोरडा आहे, रस्ता कोरडा आहे! अहो, आत गळतंय! आणि मला काही फार नको. मला फक्त बसायला एक खुर्ची द्या!"

गोंदकाका उगाचच पाकिटं नीट लावायला लागले. साहेब टाचेकडे बघत होते. तपासनिसांनी खिशातून पेन काढलं, 'नॉर्मल'वर एक रेघ मारली, आणि बराच वेळ काहीतरी लिहीत बसले. जाताना माझ्यासमोर रजिस्टर सरकवून म्हणाले, "माझ्या बायकोलाही असंच काहीतरी आहे. मी तिला म्हणतो, तुला काही झालेलं नाही." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता मिळेल?"

मी दिला. नंबर घालून दिला.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. हे चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "मीटरचं कधी सुचलं नाही गं मला." आणि न सांगता बामाची बाटली घेऊन आले. खरं सांगते, नियमानं झोपून, चालून, वेळेवर जेवून दुखणं पूर्वीपेक्षा जरा कमी झालं होतं, पण त्या संध्याकाळइतकं कमी कधीच वाटलं नाही.

एकतीस तारखेला, ऑफिस बंद व्हायला दहा मिनिटं असताना मुख्य कार्यालयाचा आदेश आला. सुतार दारात हत्यारं घेऊन उभा. साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

'आवक क्र. ४१७, डावा खांदा, या प्रकरणी प्रत्यक्ष पाहणीअंती गळती सिद्ध झाली आहे. सबब सदर खांद्यास पाठीची खुर्ची कायमस्वरूपी मंजूर करण्यात येत आहे. तसेच सदर खांद्याने सकाळी अर्धा तास उशिरा हजर राहण्यास हरकत नाही.'

टाळ्या! गोंदकाकांनी तर माझा हात धरून हलवला, तोही डावा. मी कळवळले, पण आनंदानं. जिंकले हो! खिडकी माझी, खुर्ची माझी!

"थांबा, खाली अजून एक ओळ आहे," साहेब म्हणाले, आणि घसा साफ करून वाचली. 'क्र. ४१९ (मान), क्र. ४२१ (उजवा गुडघा) व उर्वरित अवयवांबाबत खुर्चीची शिफारस प्राप्त झालेली नाही. त्यांना 'नागरिक उभे, तर सेवक उभे' ही योजना पूर्ववत लागू राहील.'

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांकडे पाहिलं. नियम म्हणजे नियम, आणि सव्वीस वर्षांत तो मोडायची सवय मला लागलेली नाही.

तर आता कधी आमच्या कार्यालयात आलात, तर पहिल्या खिडकीशी या. मी तिथं खुर्चीत बसलेली दिसेन. पण गैरसमज नको बरं का! बसलेला आहे तो फक्त माझा डावा खांदा. बाकीची मी, कागदोपत्री, उभीच आहे.